सरकारी ऑफिसातली जुनी कागदपत्रं स्कॅन कशी होतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या सरकारी रेकॉर्डच्या स्कॅनिंगमध्ये मी बरीच वर्षं आहे. आधी मशीनवर बसून पानं घालायचो, आता झालेल्या कामाची तपासणी करतो. खालचे प्रश्न मला कायम विचारले जातात, काही ऑफिसातल्या त्या लोकांकडून ज्यांच्या टेबलावर अचानक ही जबाबदारी येऊन पडलीय, आणि काही अशांकडून ज्यांची जन्माची, जमिनीची किंवा नोकरीची नोंद कुठल्यातरी गठ्ठ्यात आहे आणि ती कॉम्प्युटरवर नीट जाईल ना याची त्यांना काळजी आहे. दोघांनाही मी आधी हेच सांगतो की कागद स्कॅन होणं वेगळं आणि गरज पडली तेव्हा तो सापडणं वेगळं.

स्कॅनिंग म्हणजे शेवटी कागदाचे फोटोच ना, मग एवढा वेळ का लागतो?

फोटोला वेळ लागतच नाही. चांगला स्कॅनर मिनिटाला साठ-सत्तर पानं दोन्ही बाजूंनी ओढतो. वेळ जातो तो आधी आणि नंतर. गठ्ठे खाली उतरवायचे, धूळ झटकायची, कुठल्या फायली आहेत त्याची यादी करायची, प्रत्येक फाईलची पानं मोजून त्यावर पेन्सिलने बारीक नंबर टाकायचे, पिना काढायच्या, दुमडलेले कोपरे सरळ करायचे, मग स्कॅन, मग सॉफ्टवेअरमध्ये इमेज सरळ करणं, मग पान न पान तपासणं, मग नाव आणि इंडेक्स (कुठला कागद कुठे आहे त्याची शोधता येणारी यादी), मग ओसीआर, म्हणजे इमेजमधली अक्षरं कॉम्प्युटरने वाचून शोधता येईल असा मजकूर करणं, मग दोन-तीन ठिकाणी साठवण, आणि सगळं झाल्यावर कागद जसे आले होते तसेच परत बांधून जागेवर. यातलं स्कॅन एवढंच लोकांना दिसतं, म्हणून मशीन भारी घेतलं जातं आणि तयारीला माणसंच मिळत नाहीत. मशीन मग अर्धा दिवस बसून असतं.

सुरुवात कुठल्या फायलींपासून करायची?

दोन गोष्टी बघा. लोक वारंवार कुठली नोंद मागायला येतात, आणि कुठला कागद सगळ्यात आधी मरणार आहे. जन्म-मृत्यूची रजिस्टरं, मालमत्तेच्या नोंदी, नोकरी-पेन्शनच्या फायली या पहिल्या प्रकारात येतात, कारण रोज हाताळून हाताळून त्यांची पानं कडेने झिजतात. दुसऱ्या प्रकारात जुने फॅक्स. थर्मल पेपरवरचा फॅक्स उजेडाने आणि उष्णतेने उडत जातो, शेवटी हातात कोरा कागद राहतो, त्यामुळे असा कागद दिसला की तो रांगेत थांबवू नका, लगेच स्कॅन करा. कार्बन कॉप्या आणि लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावरची टंकलेखित पत्रं यांचंही तसंच, हा कागद आम्लामुळे तपकिरी होतो आणि घडीवर तुटतो.

कॉपी नसली तर काय होतं हे अमेरिकेत दिसलं. १९७३ च्या जुलैमध्ये सेंट लुईसच्या सरकारी रेकॉर्ड सेंटरला आग लागली आणि माजी सैनिकांच्या अंदाजे १.६ ते १.८ कोटी फायली गेल्या. त्यांची दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती, आणि पूर्ण इंडेक्सही नव्हता. म्हणजे काय जळालं तेसुद्धा नीट सांगता येईना. पुढे कित्येक वर्षं माजी सैनिकांना आपली सेवा सिद्ध करायला पगाराच्या नोंदी, हॉस्पिटलचे कागद असं इकडून तिकडून गोळा करावं लागलं. म्हणून मी म्हणतो की स्कॅनिंगला दोन वर्षं लागणार असतील तर लागू देत, पण यादी पहिल्या महिन्यात पूर्ण करा.

पिना काढल्याच पाहिजेत का? खूप वेळ जातो त्यात.

काढल्याच पाहिजेत. स्टेपल मशीनच्या आत गेली तर आतल्या काचेवर चरा पडतो आणि मग पुढच्या प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक उभी बारीक रेघ येत राहते. धुळीचा कण चिकटला तरी तशीच रेघ येते, पण तो पुसता येतो, चरा पुसता येत नाही.

जुनी टाचणी कागदात गंजून बसलेली असते आणि तिच्याभोवती तपकिरी डाग पडलेला असतो. तिथला कागद पापडासारखा झालेला असतो, सरळ ओढलीत तर टाचणीबरोबर कागदाचा तुकडा येतो आणि नेमका तारखेचा कोपरा जातो. पान सपाट टेबलावर ठेवायचं, टाचणीखाली जाड प्लास्टिकची छोटी पट्टी सरकवायची, वर बोटाने दाबून धरायचं आणि पट्टीच्या आधाराने टाचणी हळूहळू सैल करत बाहेर घ्यायची. एका फाईलमध्ये अशा वीस टाचण्या असतात. नवीन मुलांना मी पहिला आठवडा फक्त हेच करायला देतो.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी मात्र लावू नका. तिचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडतो, कागदात उतरतो आणि खालची अक्षरं घेऊन जातो. फाटकं पान पारदर्शक फोल्डरमध्ये घालून फ्लॅटबेडवर, म्हणजे कागद सपाट काचेवर ठेवायच्या स्कॅनरवर, स्कॅन करा.

कुठला स्कॅनर घ्यावा?

एकाच मशीनवर सगळं होत नाही. सुटे, धडधाकट कागद असतील तर शीट फीड, म्हणजे पानं एकामागून एक आपोआप आत ओढणारा. नाजूक, फाटके, खूप पातळ असतील तर फ्लॅटबेड. शिवलेली जाड रजिस्टरं असतील तर वरून कॅमेरा असलेला बुक स्कॅनर, ज्याच्यात पुस्तक व्ही आकाराच्या खाचेत अर्धवट उघडं राहतं आणि शिवणीवर ताण येत नाही. नकाशांना मोठा रुंद स्कॅनर. शिवलेलं रजिस्टर सोडवून सुटी पानं करणं हा शॉर्टकट खूप जण सुचवतात, मला तो अजिबात पटत नाही, कारण पानांचा क्रम हाच त्या रजिस्टरचा पुरावा असतो, मधलं पान कुणी काढलं किंवा घातलं नाही हे शिवणीवरून कळतं.

शीट फीड घेताना एक गोष्ट नक्की बघा, दोन पानं एकदम ओढली गेली तर अल्ट्रासॉनिक सेन्सरने ओळखून थांबतं का. हे नसेल तर चिकटलेल्या दोन पानांमधल्या मजकुराच्या बाजू कायमच्या राहून जातात आणि कुणाला कळतही नाही.

डीपीआय किती ठेवायचा?

डीपीआय म्हणजे कागदाच्या एका इंचात स्कॅनर किती ठिपके टिपतो तो आकडा. साध्या ए-फोर कागदाला ३०० डीपीआय हा बहुतेक ठिकाणचा पाया आहे. बारीक टाईप, पुसट अक्षर, छोटे शिक्के असतील तर ४००, आणि ज्यात रेषा बारीक आहेत अशा नकाशाला किंवा छोट्या फोटोला ६००. याच्या वर उगाच जाऊ नका, त्याचं गणित बघा. ए-फोर पान ३०० डीपीआयवर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचं होतं, म्हणजे साधारण ८७ लाख पिक्सेल. कलरमध्ये दर पिक्सेलला तीन बाईट, म्हणजे कॉम्प्रेस न केलेलं एक पान सुमारे २६ एमबी. ग्रेस्केलमध्ये ९ एमबीच्या आत, आणि शुद्ध काळ्या-पांढऱ्यात जेमतेम १ एमबी. तेच पान ६०० डीपीआयवर घेतलं तर आकार चौपट, शंभर एमबीच्या वर. एक लाख कलर पानांना ३०० वर अडीच टीबीपेक्षा जास्त जागा लागते आणि त्याच्या दोन-तीन प्रती ठेवायच्या असतात.

आणि आकड्याच्या मागे लागून फोकस विसरू नका. ६०० वर घेतलेली अंधुक इमेज ३०० वर घेतलेल्या स्वच्छ इमेजपेक्षा वाईटच. अमेरिकेतल्या सरकारी संस्थांनी मिळून केलेली एफएडीजीआय नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात इमेजच्या दर्जाला एक ते चार स्टार देतात आणि ते फक्त डीपीआय बघून देत नाहीत, धार, रंग, उजेडाचा समतोल हे सगळं एका छापील टेस्ट टार्गेटवर, म्हणजे ठरलेले रंग आणि रेषा छापलेल्या तपासणीच्या पट्टीवर, मोजतात. तुमच्याकडे भारी टार्गेट नसलं तरी रोज सकाळी एकच ठरलेला कागद स्कॅन करून कालच्या इमेजशी ताडून बघता येतो, मशीन बिघडायला लागलं की त्यात पहिल्यांदा दिसतं.

ब्लॅक अँड व्हाइट पुरेसं नाही का? कागदावर रंगीत काही नसतं.

असतं, तुम्ही नीट बघा. माझ्या सुरुवातीच्या काळात एका ऑफिसच्या फायली जागा वाचावी म्हणून काळ्या-पांढऱ्या मोडमध्ये स्कॅन झाल्या होत्या, त्या फायलींत क्लार्कची टिपणी काळ्या शाईत आणि त्यावर साहेबांचा शेरा फिकट लाल पेन्सिलीत होता. सॉफ्टवेअरने लाल पेन्सिल कागदाच्या रंगात धरून पांढरी करून टाकली. स्क्रीनवर टिपणी सुंदर दिसत होती, "मंजूर करण्यास हरकत नाही" असं स्वच्छ वाचता येत होतं, आणि मूळ कागदावर त्याच्या बाजूला लाल अक्षरात "नामंजूर" होतं. ती इमेज बघून कुणी निर्णय दिला असता तर? ती सगळी फाईल परत स्कॅन केली, आणि तेव्हापासून मी कलरच धरतो.

काळ्या-पांढऱ्या मोडमध्ये प्रत्येक पिक्सेलला काळा की पांढरा असा निकाल लावावा लागतो, आणि तो निकाल एका उंबरठ्यावर लागतो, म्हणजे ठरलेल्या हद्दीपेक्षा गडद ते काळं, फिकट ते पांढरं. पिवळा पडलेला कागद, पाठीमागची शाई पुढे उमटलेली, अर्ध्या पानावर ओल, अशा ठिकाणी एकच उंबरठा सगळ्या पानाला चालत नाही. कलरमध्ये घेतलेल्या इमेजवरून नंतर काळी-पांढरी कधीही करता येते, उलटं करता येत नाही. निळा शिक्का सहीच्या वर आहे की खाली, आकडा नंतर दुसऱ्या शाईने गिरवलाय का, हे सगळं रंगातच दिसतं.

सॉफ्टवेअर इमेज आपोआप साफ करतं, ते चालू ठेवायचं का?

काही चालू ठेवा, काही बंद. वाकडं पान सरळ करणं चालू ठेवा, त्याने नुकसान होत नाही. ठिपके काढण्याची सोय मात्र जपून, कारण सॉफ्टवेअरला धुळीचा ठिपका आणि अनुस्वार यातला फरक कळत नाही, आणि दशांशचिन्हसुद्धा त्याच्या दृष्टीने एक ठिपकाच आहे. १२.५० चे १२५० झाले तर जमिनीच्या किंवा पैशाच्या नोंदीत काय गोंधळ होईल बघा. कोरी पानं काढून टाकणारा पर्याय बंदच ठेवा, पाठकोऱ्या पानावर फिकट पेन्सिलीत एखादी ओळ किंवा नुसती सही असते आणि ती बाजू कोरी म्हणून गायब होते, शिवाय पानांची मोजदाद जुळत नाही. कडा कापणारा पर्याय लावलात तर समासातल्या नोंदी आणि पानाचा नंबर कापला जात नाही ना ते बघा.

आणि कॉम्प्रेशन, म्हणजे जागा वाचवायला फाईल लहान करणं. हे मी प्रत्येकाला सांगतो. २०१३ मध्ये जर्मनीतले कॉम्प्युटर सायंटिस्ट डेव्हिड क्रीझेल यांना एका बांधकामाच्या नकाशाच्या स्कॅनमध्ये दिसलं की तीन वेगवेगळ्या खोल्यांचं क्षेत्रफळ एकच छापून आलंय. मूळ कागदावर १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होतं आणि झेरॉक्स वर्कसेंटर मशीनमधून निघालेल्या प्रतीत तिन्ही ठिकाणी १४.१३. ओसीआरचा यात काही संबंध नव्हता. जेबिग-टू नावाची कॉम्प्रेशनची पद्धत जागा वाचवायला एकसारखी दिसणारी अक्षरं शोधते आणि एकाचाच ठसा सगळीकडे लावते, त्यात दिसायला जवळचे आकडे एकमेकांच्या जागी गेले. ठसा चांगला असल्यामुळे आकडा स्वच्छ, ठळक, अगदी खरा वाटत होता. कंपनीने नंतर सॉफ्टवेअर सुधारून दिलं. पण तुमच्या स्कॅनरच्या सेटिंगमध्ये जेबिग-टूचा लॉसी प्रकार (ज्यात मूळ इमेजमधलं काही बदलतं किंवा गळतं) चालू असेल तर आजच बंद करा. काळ्या-पांढऱ्यासाठी ग्रुप फोर कॉम्प्रेशन वापरा, ते लॉसलेस आहे, एक पिक्सेल बदलत नाही.

फाईल कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायची?

दोन प्रती करा. एक मास्टर, टिफ किंवा लॉसलेस जेपीईजी २००० या इमेजच्या फॉरमॅटमध्ये, तिला कुणी हात लावायचा नाही. दुसरी रोजच्या वापराची, पीडीएफ-ए मध्ये. पीडीएफ-ए हे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं स्टँडर्ड आहे, पहिला भाग २००५ मध्ये आला, आणि त्याचा मुद्दा एवढाच की फाईल उघडायला जे जे लागतं, फॉन्टसकट, ते फाईलच्या आतच असलं पाहिजे, बाहेर कशावर अवलंबून राहायचं नाही आणि पासवर्डही नाही.

एखाद्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा फॉरमॅट घेऊ नका, कितीही स्वस्त आणि सोपा वाटला तरी. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९८६ मध्ये डोम्सडे प्रोजेक्ट केला होता, मूळ डोम्सडे बुकला, म्हणजे इंग्लंडमधल्या जमिनी-मालमत्तेच्या जुन्या नोंदवहीला, ९०० वर्षं झाली म्हणून देशभरातून फोटो आणि माहिती गोळा करून खास लेझर डिस्कवर ठेवली. वीस वर्षंही झाली नाहीत तोच ती डिस्क चालवणारी मशीन मिळेनाशी झाली आणि ती माहिती परत वाचता यावी म्हणून संशोधकांना खास खटपट करावी लागली. १०८६ चं चामड्यावर लिहिलेलं मूळ पुस्तक मात्र अजून वाचता येतं. दर काही वर्षांनी आपल्या फायली उघडतात का ते बघणं आणि गरज पडली तर नव्या फॉरमॅटमध्ये नेणं हेही याच कामात धरायचं.

ओसीआर केलं की सगळं शोधता येईल ना?

छापील आणि टंकलेखित मजकूर बऱ्यापैकी. हाताने लिहिलेलं साध्या ओसीआरने नाही. टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, एचपी कंपनीत ८० च्या दशकात सुरू झालं, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी पद्धत, आलं. शंभरावर भाषा वाचतं, मराठीही वाचतं. पण देवनागरीत शिरोरेषेमुळे अक्षरं एकमेकांना चिकटलेली असतात, वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं, त्यामुळे पुसट टाईप असला की "ध" चा "घ" आणि "भ" चा "म" सहज होतो.

९९ टक्के अचूक असं ऐकून लोक खूश होतात. एका पानावर दोन हजार अक्षरं धरली तर ९९ टक्के म्हणजे दर पानाला वीस चुका, आणि त्या वीसपैकी एक जरी आडनावात झाली तर त्या आडनावाने शोधणाऱ्याला ते पान कधीच दिसणार नाही. म्हणून ओसीआरचा मजकूर इमेजच्या मागे अदृश्य थरात ठेवतात, डोळ्याला मूळ पानच दिसतं आणि शोध त्या थरात चालतो, आणि नाव, तारीख, नंबर यांची हाताने वेगळी एंट्री करतात. महत्त्वाच्या आकड्यांची एंट्री दोन वेगळ्या माणसांनी एकमेकांचं न बघता करायची, कॉम्प्युटर दोन्ही जुळवतो, जिथे जुळत नाही तिथे तिसरा माणूस मूळ पान बघतो. हे खर्चिक आहे, पण जन्मतारखेसाठी दुसरा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

हस्ताक्षरासाठी आता ट्रान्सक्रिबससारखी सॉफ्टवेअर आहेत, त्यांना आधी त्याच वळणाची बरीच पानं माणसाने वाचून शिकवावी लागतात. एकाच क्लार्कने वीस वर्षं लिहिलेलं रजिस्टर असेल तर ते छान शिकतं. दर पानाला हात बदलत असेल तर अवघड जातं.

फाईलला नाव काय द्यायचं? स्कॅन००१, स्कॅन००२ चालेल का?

नाही, आणि हे मी कळकळीने सांगतो. एका ठिकाणी मी हजारो पीडीएफ अशा बघितल्या ज्यांची नावं फक्त स्कॅनरने दिलेले नंबर होते, इमेज उत्तम, पण कुणाची फाईल कुठे हे कळायला एकेक उघडून बघावी लागत होती, कागदाच्या गठ्ठ्यात शोधणं त्यापेक्षा लवकर व्हायचं कारण गठ्ठ्यावर निदान वर्ष लिहिलेलं होतं.

नावात विभाग, रेकॉर्डचा प्रकार, वर्ष, फाईल नंबर, पान नंबर असा ठरलेला क्रम ठेवा, मोकळी जागा आणि चमत्कारिक चिन्हं टाळा, नंबरच्या आधी शून्य लावा नाहीतर १०० नंबर २ च्या आधी येऊन बसतो. आणि सगळी माहिती नावातच कोंबू नका, ती इंडेक्समध्ये. कमीत कमी विषय, कोणाची नोंद, तारीख, मूळ कागद कुठल्या कपाटात कुठल्या गठ्ठ्यात, कोणी कधी कुठल्या मशीनवर स्कॅन केलं, कोणी तपासलं. कागदाची कुठली कुठली माहिती नोंदवायची याची डब्लिन कोअर म्हणून १५ घटकांची एक साधी यादी आहे, नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तिथून सुरू करावं.

नावांच्या स्पेलिंगचा नियम पहिल्या दिवशी ठरवा आणि लिहून भिंतीवर लावा. एक ऑपरेटर "दिक्षित" टाईप करतो, दुसरा "दीक्षित", आणि शोधणाऱ्याला अर्ध्याच नोंदी दिसतात. कागदावर जसं आहे तसंच एका रकान्यात, आणि शोधण्यासाठी प्रमाण रूप दुसऱ्या रकान्यात, असं दोन्ही ठेवलंत तर कागदाशी इमान राहतं आणि शोधही लागतो.

फायली वेगळ्या करायला बारकोडची पानं वापरा. प्रत्येक फाईलच्या आधी एक बारकोड छापलेलं पान घालायचं, सॉफ्टवेअर तो वाचतं आणि तिथून नवीन फाईल सुरू करून नाव स्वतः देतं, हाताने नाव टाईप करण्यातल्या चुका खूप कमी होतात.

तपासणी किती पानांची करायची, सगळ्या की नमुन्याला?

कायम ठेवायच्या रेकॉर्डची सगळी. बाकीच्याचा नमुना चालतो, पण नमुना मधूनअधून कुठूनही घ्या, नुसती गठ्ठ्यातली पहिली दहा पानं बघू नका. मी सगळ्यात आधी मोजदाद बघतो. कागदावर शेवटचा नंबर १८४ आहे आणि इमेज १८२ आहेत तर दर्जा बघायच्या आधी ती दोन पानं शोधायची. मग पानं सरळ आहेत का, उलटी नाहीत ना, कडा पूर्ण आहेत का, सर्वात बारीक अक्षर शंभर टक्के झूमवर वाचता येतं का. ज्याने स्कॅन केलं त्यानेच तपासू नये. आणि स्क्रीनवर नुसती इमेज बघून तपासणी होत नाही, शेजारी मूळ कागद हवा. वर सांगितलेली ती लाल पेन्सिल कागद शेजारी होता म्हणूनच सापडली.

नंतर कुणी इमेज बदलली तर कळणार कसं?

चेकसम. प्रत्येक फाईल साठवताना सॉफ्टवेअर तिच्या आतल्या सगळ्या डेटावरून एक लांब कोड काढतं, एसएचए-२५६ चा कोड ६४ अक्षर-आकड्यांचा असतो. फाईलमधला एक बिट जरी बदलला तरी पूर्ण कोड वेगळा येतो. हे कोड वेगळ्या ठिकाणी जपायचे आणि दर काही महिन्यांनी पुन्हा काढून ताडायचे. मुद्दाम केलेला बदल कळतो आणि डिस्क खराब होऊन आपोआप झालेलं नुकसानही कळतं. याशिवाय कोणी कधी फाईल उघडली, काय केलं याचा लॉग (आपोआप होणारी नोंद), आणि अधिकाऱ्याची डिजिटल सही.

बॅकअप?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत. जर्मनीतल्या कोलोन शहराचं अभिलेखागार ३ मार्च २००९ ला अख्खं कोसळलं, त्याच इमारतीत सर्व्हर असता तर तोही गेला असता. आणि बॅकअप घेतला म्हणजे झालं असं नाही, वर्षातून एकदा तरी त्यातून फाईल परत आणून उघडून बघा.

स्कॅन झाल्यावर मूळ कागद नष्ट करायचे का?

हे तुमच्या इथला अभिलेखांचा कायदा आणि जतनाची मुदत यावर ठरतं, सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या सांगण्यावर नाही. काही देशांत ठरलेल्या पद्धतीने स्कॅन केलं तर कागद काढून टाकायला परवानगी असते, जर्मनीत त्यासाठी रेसिस्कॅन नावाचं खास तांत्रिक मार्गदर्शन आहे, पण तिथेही प्रत्येक टप्प्याची नोंद असावी लागते. ऐतिहासिक महत्त्वाचे, वाद चालू असलेले, सही-शिक्क्याच्या खरेपणावर प्रश्न येऊ शकतो असे कागद ठेवाच. माझं स्वतःचं मत विचाराल तर तपासणी, इंडेक्स आणि बॅकअप पूर्ण होऊन काही काळ लोकांनी ती प्रत वापरून बघितल्याशिवाय एकही कागद हलवू नये. शाई, कागदाचा वॉटरमार्क, खाडाखोड, हे इमेजमधून सगळं कळत नाही.

बुरशी लागलेल्या किंवा भिजलेल्या फायलींचं काय?

बाकीच्यांपासून लगेच वेगळ्या खोलीत. मास्क आणि हातमोजे घालून, कोरड्या मऊ ब्रशने, पंखा बंद करून, नाहीतर बुरशीची पूड सगळ्या रेकॉर्ड रूममध्ये जाते. ओला कागद स्कॅनरवर ठेवू नका आणि उन्हातही टाकू नका, आकसतो आणि शाई पसरते. दोन-तीन दिवसांत बुरशी येते, त्यामुळे तेवढ्यात वाळवता येणार नसेल तर गोठवून ठेवतात आणि नंतर तज्ज्ञांकडून हळूहळू वाळवून घेतात.

लोकांची खाजगी माहिती सगळ्यांना दिसेल का?

दिसू नये, आणि हे आधीच ठरवायला हवं. कागदाच्या काळात एखादी फाईल बघायला तुम्हाला जाऊन अर्ज करावा लागायचा, तो त्रासच एक प्रकारचं कुलूप होतं. ऑनलाईन टाकल्यावर ते कुलूप राहत नाही. दत्तकविधान, आजारपण, खात्यांतर्गत चौकशी, लहान मुलांची नावं असलेल्या फायलींना वेगळी परवानगी हवी.

माहिती झाकताना पीडीएफवर काळा चौकोन काढून थांबू नका. खाली ओसीआरचा थर तसाच असतो, कुणीही सिलेक्ट करून कॉपी केलं की झाकलेलं नाव बाहेर येतं. मजकूर आणि इमेज दोन्ही खरोखर काढून टाकणारं टूल वापरा आणि फाईल बंद करून परत उघडून त्याच नावाने शोधून बघा.

काम बाहेरच्या एजन्सीला दिलं तर काय बघायचं?

पानामागे पैसे देत असाल तर एजन्सीला वेग हवा असतो, हे गृहीत धरून करार करा. पैसे तपासणीत पास झालेल्या पानांचे, स्कॅन झालेल्या पानांचे नाही. इंडेक्सच्या चुकीला वेगळी अट. फायली ऑफिसच्या बाहेर जाऊ देऊ नका, मशीन आत आणायला सांगा. मास्टर फायली, इंडेक्स आणि सॉफ्टवेअरमधला सगळा डेटा कुठल्याही कंपनीच्या मदतीशिवाय उघडता येईल अशा रूपात मिळाला पाहिजे हे लेखी घ्या. आणि सुरुवातीला पाचशे पानांचं ट्रायल करा, त्यात मुद्दाम सगळ्यात वाईट कागद द्या.

मोबाईलने फोटो काढले तर?

स्वतःच्या संग्रहाला चालेल. सरकारी रेकॉर्डला नको, पान कडेला ताणलं जातं, सावली पडते, प्रत्येक फोटोचा डीपीआय वेगळा येतो आणि फाईल कोणाच्या फोनमध्ये राहिली हे कुणालाच माहीत नसतं.

माझ्या नोंदीचं स्कॅन चुकीचं दिसतंय, पान गायब आहे किंवा नाव चुकलंय. कुणाला आणि काय सांगू?

रेकॉर्ड सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. फाईल नंबर, वर्ष, पान नंबर, स्क्रीनवर काय दिसतंय आणि तुमच्या मते काय असायला हवं, एवढं लिहा, स्क्रीनचा फोटो जोडा, तुमच्याकडे जुनी नक्कल असेल तर तिची प्रत जोडा. चूक कुठली ते वेगळं करून सांगितलंत तर काम लवकर होतं, कारण इंडेक्समधलं नाव चुकलं असेल तर कागद न काढता दुरुस्त होतं, इमेज अर्धवट असेल तर गठ्ठा काढून पुन्हा स्कॅन करावं लागतं, आणि मूळ कागदावरच नाव चुकीचं लिहिलेलं असेल तर स्कॅनिंगवाले त्याला हात लावू शकत नाहीत, त्याला नोंद दुरुस्तीचा वेगळा अर्ज लागतो. ऑफिसने दुरुस्ती करताना जुनी इमेज पुसायची नाही, नवीन इमेज तिच्या शेजारी ठेवायची आणि कोणी, कधी, का बदललं ते लॉगमध्ये लिहायचं. दुरुस्त झाल्यावर तुम्ही त्याच नावाने परत एकदा शोधून बघा आणि तुमचं पान पहिल्या प्रयत्नात येतंय का ते तपासा.